बांधकाम मजूर पाळीत किती हवा आत घेतो? अंदाज बांधण्याची पद्धत, पायरीपायरीने

हे काम पहिल्यांदा माझ्याकडे आलं तेव्हा मी बहुतेक जण करतात तेच केलं. हवेतल्या धुळीचे आकडे हाताशी होते, सूत्र समोर होतं आणि त्यात ‘श्वसनदर’ हा एक रकाना रिकामा होता. मी त्यात २० घनमीटर टाकले आणि पुढे सरकलो. मसुदा तपासणाऱ्या बाईंनी समासात एकच प्रश्न लिहून पाठवला: ‘हे वीस आठ तासांचे की चोवीस तासांचे?’ मला उत्तर देता आलं नाही.

नंतर शोधलं तेव्हा कळलं की घोळ मुळातच आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या, म्हणजे ईपीएच्या, १९९१ च्या गृहीत मूल्यांत रहिवाशासाठी दिवसाला २० घनमीटर आहेत आणि कामगारासाठी कामाच्या एका दिवसाला पुन्हा २० घनमीटरच. पहिल्या विसात झोपणं, जेवणं, बसणं सगळं आलं. दुसरे वीस म्हणजे तासाला २.५ घनमीटर या दराने आठ तास काम. तासावर आणून बघा: ०.८३ आणि २.५. तिप्पट फरक, आणि कागदावर दोन्ही ठिकाणी तोच आकडा.

बांधकामावरच्या धुळीचा किंवा धुराचा आरोग्यावरचा धोका मोजायला जे नव्याने बसले आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. वैद्यकीय शिक्षण लागत नाही. गुणाकार, घड्याळ आणि दिवसभर उन्हात उभं राहायची तयारी एवढं पुरतं.

१. श्वास मोजायचेत की हवा, ते आधी ठरवा

‘श्वसनदर’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. डॉक्टरांच्या लेखी तो मिनिटाला किती श्वास, हा आकडा: स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाचा १२ ते २०. जोखमीच्या हिशेबात तो म्हणजे मिनिटाला किंवा तासाला किती हवा आत गेली, हा आकडा. बसलेला माणूस एका श्वासात साधारण अर्धा लिटर हवा घेतो, म्हणजे मिनिटाला ६ ते ८ लिटर. आपल्याला हा दुसरा आकडा हवा आहे.

श्वास मोजून त्यावरून हवा काढता येईल असं वाटतं, पण तिथेच फसायला होतं. काम वाढलं की शरीर सुरुवातीला श्वासांची संख्या फारशी वाढवत नाही, खोली वाढवतं. अर्ध्या लिटरचा श्वास दीड-दोन लिटरवर जातो. त्यामुळे श्वास २० वरून ३० झाले तरी हवा चौपट झालेली असू शकते. शिवाय कोणी आपले श्वास मोजतंय हे कळलं की माणूस वेगळा श्वास घ्यायला लागतो. स्वतःवर करून बघा.

एककं: लिटर प्रति मिनिटला ०.०६ ने गुणलं की घनमीटर प्रति तास मिळतात. २५ लिटर प्रति मिनिट म्हणजे १.५ घनमीटर प्रति तास. हा गुणक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

फाइलींमध्ये ‘लिटर प्रति मिनिट’ लिहिलेले आणखीही आकडे सापडतात, त्यांना श्वास समजू नका. धुळीचा नमुना घेणाऱ्या पंपाचा वेग, उदाहरणार्थ १.७ किंवा २.२ लिटर, हा त्याच्या तोंडाशी बसवलेल्या सायक्लोनला नेमक्या आकाराचे कण वेगळे करता यावेत म्हणून ठरलेला असतो. मजूर किती जोरात श्वास घेतो याच्याशी त्याचा संबंध नाही. तसंच मास्कचा फिल्टर ८५ लिटर प्रति मिनिटाला तपासला असं लिहिलेलं दिसेल. तो चाचणीचा सलग प्रवाह आहे. माणूस सलग हवा ओढत नाही; आत घेताना मधला सर्वोच्च वेग त्याच्या मिनिटाच्या सरासरीच्या साधारण तिप्पट जातो, म्हणून चाचणी कडक ठेवलेली असते.

२. हा आकडा तुम्हाला लागतोच का?

ही पायरी मी सुरुवातीला गाळली होती आणि दोन आठवडे वाया घालवले. धुळीची मर्यादा मिलिग्रॅम प्रति घनमीटरमध्ये दिलेली असेल आणि तुम्हाला मोजलेली तीव्रता तिच्याशी फक्त ताडायची असेल, तर श्वासाच्या आकड्याला तिथे जागा नाही. काम करणारा माणूस किती श्वास घेतो याचं काहीएक गृहीतक मर्यादा ठरवतानाच धरलेलं असतं. तुम्ही पुन्हा गुणलंत तर तीच गोष्ट दोनदा मोजली जाते.

ईपीएनेच हा बदल केला. १९८९ च्या मार्गदर्शिकेत श्वासाचा दर आणि शरीराचं वजन घालून दिवसाला किलोमागे किती मिलिग्रॅम, असा डोस काढायचे. २००९ च्या पुरवणीत श्वासमार्गासाठी ते सोडून दिलं आणि हवेतली तीव्रता, संपर्काचे तास, दिवस आणि वर्षं यांवर हिशेब आणला. इंटरनेटवर जुन्या सूत्राची तयार पत्रकं अजून ढिगाने फिरतात. त्यातल्या एकात संदर्भ तीव्रतेचा, म्हणजे हवेतल्या ज्या तीव्रतेपर्यंत धोका धरत नाहीत तिचा, आकडा टाकून वर श्वासाचा दर गुणलेला मी स्वतः पाहिला आहे.

मग हा आकडा लागतो कुठे? फुप्फुसात किती कण बसले हे प्रतिमानाने काढायचं असेल तेव्हा. श्वासातून आणि तोंडावाटे गेलेल्या शिशाची बेरीज करायची असेल तेव्हा. किरणोत्सारी कणांच्या हिशेबात. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते म्हणजे एकाच साइटवरच्या दोन कामांचा भार एकमेकांशी ताडायचा असेल तेव्हा. दोघांच्या आसपास धूळ सारखीच आहे, पण एक जण मोजपट्टी धरून उभा आहे आणि दुसरा घमेली वाहतोय. दोघांच्या छातीत सारखीच धूळ जात नाही, आणि हवेचा नमुना हे सांगत नाही.

३. जमवाजमव

साइटवर जायच्या आधी हे हाताशी असू द्या:

– मजुरांच्या भाषेतलं संमतिपत्र आणि ते वाचून दाखवायला त्यांच्या ओळखीचा माणूस
– नोंदीचे छापील तक्ते, पाच-पाच मिनिटांचे रकाने असलेले (मोबाइलवर नोंदी करू नका, धुळीत आणि उन्हात पडदा दिसत नाही)
– घड्याळ, आणि ते हवेचा पंप लावणाऱ्याच्या घड्याळाशी जुळवलेलं
– वजनकाटा आणि उंची मोजायची पट्टी
– छातीला बांधायचा हृदयगती पट्टा, जमला तर
– तापमान आणि आर्द्रतेच्या नोंदी
– हवेच्या नमुन्यांचे अहवाल, सुरू-बंद वेळांसकट
– मुकादमाकडून त्या दिवसाची कामवाटणी

मनगटी घड्याळाच्या हृदयगतीवर विसंबू नका. ब्रेकर किंवा ग्राइंडर घट्ट धरला की मनगट आवळतं, कंपनं होतात आणि प्रकाशावर चालणारा तो सेन्सर भलतेच आकडे देतो. छातीचा पट्टा घामात उलट चांगला चालतो.

घड्याळं जुळवण्याचं महत्त्व सहाव्या पायरीत कळेल. तिथे वीस मिनिटांची तफावत अख्खा हिशेब बिघडवते.

४. दिवसाचे तुकडे पाडा

हजेरीपटावरचं पद म्हणजे काम नव्हे. ‘गवंडी’ असं लिहिलेला माणूस विटा रचतो, माल कालवतो, पाणी मारतो, आणि सिमेंट येईपर्यंत पाऊण तास भिंतीला टेकून बसतो. ‘बिगारी’ या एका शब्दाखाली तर सगळंच येतं. म्हणून पदाला श्वासाचा दर लावू नका, कामाच्या तुकड्याला लावा.

एका माणसामागे पूर्ण पाळी राहा. दर पाच मिनिटांनी तो काय करतोय ते एका शब्दात लिहा: फोडतोय, वाहतोय, बांधतोय, थांबलाय, चालतोय. थांबणं मुद्दाम लिहा. पहिल्या दिवशी मी ते लिहीतच नव्हतो, कारण ‘काही घडत नाहीये’ असं वाटायचं. पण त्यातूनच सरासरी खाली येते. उलट्या बाजूने, जिना चढणं सुटून जातं, कारण ते कोणाच्याच कामाच्या यादीत नसतं. पाचव्या मजल्यावर काम असेल तर दिवसातून सहा-सात वेळा चढणं हाही एक तुकडाच आहे.

एका दिवसावर भागवू नका. स्लॅबचा दिवस आणि सेंटरिंगचा दिवस यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. निदान तीन वेगवेगळ्या प्रकारचे दिवस पाहा.

आणि विचारा. ‘आज सगळ्यात जास्त धाप कशाने लागली?’ एवढा एक प्रश्न संध्याकाळी विचारला की तुमच्या तक्त्यातली चूक बऱ्याचदा तिथेच सापडते. माणसाला स्वतःचा श्वास संथ, मध्यम की जोरात होता हे ढोबळपणे सांगता येतं. आकडा म्हणून ते चालत नाही, पडताळणी म्हणून चालतं.

५. प्रत्येक तुकड्याला हवा लावा

इथे चार वाटा आहेत. पैसा आणि वेळ बघून निवडा, पण निदान दोन वापरा म्हणजे एकाची चूक दुसऱ्यात दिसते.

५.१ तयार तक्ते

सगळ्यात सोपी वाट. ईपीएच्या २०११ च्या हँडबुकात २१ ते ३१ वयाच्या प्रौढांसाठी सरासरी असे आहे: बैठ्या स्थितीत मिनिटाला ०.००४२ घनमीटर, हलक्या हालचालीत ०.०१२, मध्यम ०.०२६ आणि जोरकस ०.०५०. तासावर आणलं तर ०.२५, ०.७२, १.५६ आणि ३.०.

किरणोत्सर्ग संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाच्या, म्हणजे आयसीआरपीच्या, १९९४ च्या प्रकाशन ६६ मध्ये प्रौढ पुरुषासाठी तासाला झोपेत ०.४५, बसून ०.५४, हलक्या व्यायामात १.५ आणि जड व्यायामात ३.० घनमीटर आहेत. त्यांचा संदर्भ कामगार पाळीत अडीच तास बसतो आणि साडेपाच तास हलका व्यायाम करतो, म्हणून त्याची बेरीज ९.६ घनमीटर येते. युरोपात रसायनांच्या हिशेबात हलक्या कामाच्या पाळीला वापरतात तो १० घनमीटरचा आकडाही याच्या जवळचाच.

आता ‘हलकं’ हा शब्द दोन्हीकडे बघा. एकीकडे ०.७२, दुसरीकडे १.५. लेबल एक आणि हवा दुप्पट. तक्ता वापरायचा असेल तर त्यातलं लेबल सोडून व्याख्या वाचा, आणि दोन तक्त्यांतले आकडे एका हिशेबात मिसळू नका. मी ते केलं होतं. माझा मजूर मध्यम कामातही हलक्या कामाइतकीच हवा घेताना निघाला.

५.२ ऊर्जेवरून

माझी आवडती वाट ही, कारण प्रत्येक पाऊल दिसतं. १९९३ मध्ये डेव्हिड लेटन यांनी मांडलेला हिशेब असा आहे: एक किलोकॅलरी ऊर्जा जाळायला सुमारे ०.२१ लिटर ऑक्सिजन लागतो, आणि एक लिटर ऑक्सिजन मिळवायला सुमारे २७ लिटर हवा आत घ्यावी लागते. दोन्हींचा गुणाकार ५.६७. म्हणजे जळलेल्या प्रत्येक किलोकॅलरीमागे साडेपाच लिटरच्या वर हवा.

ऊर्जा काढायला ‘मेट’ वापरा. एक मेट म्हणजे स्वस्थ बसलेल्या माणसाचा खर्च, ढोबळमानाने तासाला किलोमागे एक किलोकॅलरी. कोणत्या हालचालीला किती मेट याचं ‘कंपेंडियम’ १९९३ पासून निघतं. त्याची ताजी आवृत्ती २०२४ ची. नेहमी नवी वापरा, कारण मधल्या काळात काही कामांचे आकडे बदलले आहेत.

साठ किलोच्या माणसासाठी गणित तोंडी होतं, कारण जितके मेट तितक्या किलोकॅलरी दर मिनिटाला. ब्रेकर चालवणं ६ मेट धरलं तर ६ × ५.६७ म्हणजे ३४ लिटर प्रति मिनिट, तासाला २.०४ घनमीटर. साडेतीन मेटचं सळई बांधणं १.१९ घनमीटर. दीड मेटची विश्रांती ०.५१.

यातले खाचखळगे तीन आहेत.

पहिला, ओझं. विटांसारखं जड ओझं वाहण्याला कंपेंडियममध्ये ८ मेट आहेत. पण माणूस ओझं घेऊन जातो आणि रिकामा परत येतो. अख्ख्या तासाला ८ लावलेत तर परतीच्या खेपाही भरलेल्या धरल्यासारखं होतं. खेपा मोजा आणि दोन्हींची वेळेनुसार सरासरी घ्या.

दुसरा, वजन. मेटला वजनाने गुणतो तेव्हा हलक्या माणसाची ऊर्जा कमी निघते. चालण्यासाठी ते बरोबर आहे, पण पोतं तेवढंच असतं. पन्नास किलोच्या माणसाने आणि सत्तर किलोच्या माणसाने तेच चाळीस किलो उचललं, तर सूत्र पन्नासवाल्यावर अन्याय करतं. हा अन्याय नेमका बारीक अंगाच्या मजुरांच्या आणि बायकांच्या वाट्याला येतो. ओझं वाहण्याच्या तुकड्यात मी मध्यम अंदाजासोबत वरचा अंदाजही देतो, तो याचमुळे.

तिसरा, २७ चं गुणोत्तर. मध्यम कामापर्यंत ते बरं टिकतं. काम फार जड झालं, दम टिकेनासा झाला, की शरीर ऑक्सिजनच्या मानाने जास्तच हवा ओढायला लागतं आणि गुणोत्तर वर चढतं. खोदकामाच्या जोराच्या दहा मिनिटांना २७ कमी पडतात.

एक तांत्रिक गोष्टही इथेच सांगतो. श्वासातली हवा शरीराच्या तापमानाला आणि बाष्पाने भरलेली अशी मोजतात, ऑक्सिजन मात्र शून्य अंशाला आणि कोरडा. समुद्रसपाटीला दोन पद्धतींत सुमारे १.२१ पटींचा फरक पडतो. उपकरणाने दिलेला आकडा कोणत्या स्थितीतला आहे हे न पाहता तक्त्याशी ताडलात, तर वीस टक्के कुठे गेले ते शोधत बसाल.

५.३ हृदयगतीवरून

लॉस एंजेलिसमध्ये बांधकाम मजुरांवर केलेलं आणि १९९३ साली प्रसिद्ध झालेलं एक काम या विषयात अजून आठवलं जातं. तिथे प्रत्येक मजुराची हृदयगती आणि हवा यांचा संबंध आधी व्यायामाच्या चाचणीत मोजून घेतला आणि मग साइटवर नोंदलेल्या हृदयगतीवरून हवेचा अंदाज काढला.

कळीचा शब्द ‘प्रत्येक’. एकाचं नातं दुसऱ्याला लागू पडत नाही. तीच ११० ची हृदयगती, पण तगड्या माणसाची हवा एक आणि कमकुवत माणसाची दुसरी. म्हणून मास्क आणि वायुमापक लावून प्रत्येकाची चार-पाच वेगांवर चाचणी घ्या. हवेचा लॉगॅरिथम घेतला की हृदयगतीशी नातं बऱ्यापैकी सरळ रेषेत येतं. खालच्या टोकाला, बसलेल्या स्थितीत, ही रेषा तुटते. तिथे तक्त्याचा आकडा वापरा.

आणि ऊन. उकाड्यात हृदय रक्त त्वचेकडे ढकलण्यासाठी जोरात चालतं, हवेची गरज तेवढी वाढलेली नसते. पाणी कमी प्यायलेला मजूर, नुकताच चहा-तंबाखू झालेला मजूर, उंचावर घाबरलेला मजूर, सगळ्यांची हृदयगती फुगलेली असते. वजन डोक्यावर धरून नुसतं उभं राहण्यातही तसंच. भर दुपारच्या नोंदी सकाळच्या त्याच कामाच्या नोंदींशेजारी ठेवा. काम तेच आणि हृदयगती वीसने जास्त दिसली, तर फरक उन्हाचा असण्याची शक्यता जास्त.

५.४ थेट मोजणं

पाठीवर बांधायचं वायुविश्लेषक यंत्र आणि तोंडाला मास्क. सगळ्यात खरं आणि सगळ्यात अवघड. माणूस मास्क लावून अर्ध्या तासापेक्षा जास्त नीट काम करत नाही, यंत्र महाग आणि धुळीला नाजूक. सगळ्या साइटसाठी हे करू नका. जी दोन-तीन कामं निकाल ठरवणार आहेत तेवढ्यांसाठी करा.

६. धुळीशी जोडी लावा

इथे घाई करू नका. बांधकामावर जास्तीत जास्त धूळ उडवणारं काम बऱ्याचदा दमवणारंही असतं. फोडणं, झाडणं, सिमेंटची पोती रिकामी करणं. म्हणजे हवा सगळ्यात वाईट असते नेमक्या त्याच वेळी माणूस ती सगळ्यात जास्त ओढत असतो. दिवसाची सरासरी धूळ काढून तिला दिवसाच्या सरासरी हवेने गुणलं, की ही जोडी तुटते.

एक काल्पनिक पाळी घेऊ. साठ किलोचा माणूस, आठ तास:

– ब्रेकरने फोडकाम: १.५ तास, तासाला २ घनमीटर, धूळ ०.२० मिलिग्रॅम प्रति घनमीटर. आत गेली ०.६० मिलिग्रॅम.
– जिन्याने मलबा वाहणं, भरलेली आणि रिकामी खेप धरून ७ मेट: २ तास, २.४ घनमीटर, धूळ ०.०६. आत गेली ०.२९.
– सळई बांधणं: ३ तास, १.२ घनमीटर, धूळ ०.०२. आत गेली ०.०७.
– विश्रांती आणि थांबणं: १.५ तास, ०.५ घनमीटर, धूळ ०.०१. आत गेली ०.०१ च्याही आत.

बेरीज ०.९७ मिलिग्रॅम, एकूण हवा १२.१५ घनमीटर.

आता सोपी पद्धत. आठ तासांची सरासरी धूळ ०.०६२. गुणिले १२.१५ केलं तर ०.७५. आणि पाळीला १० घनमीटर हा तयार आकडा टाकला तर ०.६२. म्हणजे पुस्तकी हिशेबापेक्षा खरा भार दीडपटीहून जास्त निघाला, आणि त्यातला ६० टक्क्यांहून अधिक वाटा दीड तासाच्या फोडकामाचा. पाणी मारून फोडायचं की नाही, याचा निर्णय घेणाऱ्याला दुसरं काही दाखवायची गरज पडत नाही.

यासाठी हवेचे नमुनेही कामाच्या तुकड्यांप्रमाणे घेतलेले हवेत. पूर्ण पाळीचा एकच फिल्टर असेल तर जोडी लावायलाच काही उरत नाही. सकाळी पंप लावणाऱ्या सहकाऱ्याशी आधी बोला: काम बदललं की फिल्टर बदलायचा. नमुना श्वासाच्या टापूतला हवा, म्हणजे नाक-तोंडापासून साधारण ३० सेंटिमीटरच्या आत, कॉलरवर. खांबाला टांगलेल्या यंत्राचा आकडा इथे चालत नाही.

फिल्टरवर तपासायला कमीत कमी किती धूळ लागते हे प्रयोगशाळेला आधी विचारा. वीस मिनिटांच्या नमुन्यात कधी कधी काहीच सापडत नाही.

७. आकडा दमाशी आणि ताटाशी ताडून पाहा

हिशेब झाला की दोन पडताळण्या करा. दोन्हींना मिळून पाच मिनिटं लागतात.

दमाची पडताळणी: आठ तास टिकेल असा वेग माणूस आपोआपच निवडतो, आणि तो साधारण त्याच्या कमाल ऑक्सिजन क्षमतेच्या एक तृतीयांशाच्या आसपास असतो, विश्रांती मिळत असेल तर थोडा वर. वरच्या उदाहरणात मिनिटाला सरासरी २५ लिटर हवा, भागिले २७ म्हणजे ०.९४ लिटर ऑक्सिजन. त्या माणसाची कमाल क्षमता २.४ लिटर धरली तर हे ३९ टक्के. जड, पण शक्य. ६० टक्के आले असते तर तुकड्यांच्या वेळा पुन्हा बघाव्या लागल्या असत्या.

ताटाची पडताळणी: पाळीचे १२.१५ घनमीटर, झोपेचे आठ तास तासाला ०.३२ ने २.६, उरलेले आठ तास ०.६ ने ४.८. बेरीज साडेएकोणीस घनमीटर. ५.६७ लिटरला एक किलोकॅलरी या दराने ३४५० किलोकॅलरी. कष्टकऱ्याचा दिवसाचा आहार एवढा असू शकतो. आता कोणी पूर्ण पाळीला जड कामाचे ३ घनमीटर लावले असतील तर नुसत्या पाळीलाच २४ घनमीटर, म्हणजे ४२०० च्या वर किलोकॅलरी लागतील. रोज एवढं खाणारा आणि तरीही वजन न घटणारा मजूर शोधून दाखवा, असं मी तेव्हा म्हणतो.

८. उरलेल्या दुरुस्त्या

नाक की तोंड: हवा मिनिटाला साधारण ३५ लिटरच्या वर गेली की बहुतेक लोक नाकासोबत तोंडानेही श्वास घ्यायला लागतात. नाकाची चाळणी तेवढी चुकते आणि मोठे कण खोलवर जातात. फुप्फुसातल्या कणांचं प्रतिमान वापरत असाल तर ब्रेकरच्या आणि वाहण्याच्या तुकड्याला हे लावा.

मास्क: त्याचा संरक्षण गुणक, म्हणजे आतली धूळ किती पटींनी कमी होते तो आकडा, धुळीच्या तीव्रतेला भागतो, श्वासाच्या आकड्याला नव्हे. आणि कागदावरचा गुणक नीट बसवलेल्या, दाढी नसलेल्या चेहऱ्याचा असतो. मास्क हनुवटीवर किती वेळ होता हेही पाच मिनिटांच्या नोंदीत लिहा.

गरोदर बाई: विश्रांतीतही तिचा श्वास खोल होतो आणि हवा वाढते. तिच्यासाठी सर्वसाधारण तक्ता वापरू नका.

उंच प्रदेशातली साइट: हवा विरळ असल्याने त्याच कामाला जास्त लिटर लागतात. समुद्रसपाटीचा आकडा जसाच्या तसा उचलू नका.

९. अहवालात काय लिहायचं

एकच आकडा देऊ नका. खालचा, मधला आणि वरचा असे तीन द्या आणि ते कशाने बदलतात ते सांगा. आपल्या उदाहरणात वजन ५० किलो केलं तर पाळीची हवा १०.१ घनमीटर होते, ७५ केलं तर १५.२. वेळ, मेट आणि गुणोत्तर एकेक करून हलवून बघा. बहुधा दिसेल की तुमचा सगळ्यात कच्चा आकडा फोडकामाच्या वेळेचा आहे, आणि तो सुधारायला यंत्र नाही, आणखी एक दिवस साइटवर उभं राहणं लागतं.

प्रत्येक आकड्याशेजारी चार गोष्टी असाव्यात: किती तासांचा, विश्रांती धरून की सोडून, कोणत्या वजनाच्या माणसाचा, आणि कोणत्या पद्धतीने आला. मजुराचं नाव अहवालात नको, सांकेतिक क्रमांक पुरे. हृदयगतीच्या नोंदी ठेकेदाराकडे देऊ नका. ‘हा कमी कष्ट करतो’ असा अर्थ काढायला त्या सहज वापरता येतात, आणि मग पुढच्या साइटवर तुम्हाला कोणी पट्टा बांधू देणार नाही.

माझ्या दुसऱ्या मसुद्यात त्या रकान्यात ‘१२ घनमीटर, ८ तासांची पाळी, विश्रांती धरून, ६० किलो, ऊर्जेवरून’ असं लिहिलं होतं. मसुदा परत आला तेव्हा समासात पुन्हा एक प्रश्न होता: ‘विश्रांतीचा दीड तास कोणी मोजला?’ या वेळी मी पाच-पाच मिनिटांच्या रकान्यांची, सिमेंटचे डाग पडलेली सगळी पानं स्कॅन करून जोडली.